आधी लेन्स, मग बॉडी : अहेरीच्या अंगणातून छायाचित्रणाच्या इतिहासाकडे

१/
तेंदूपत्त्याचा हंगाम संपला आणि माझा मावसभाऊ साठवलेले पैसे घेऊन माझ्याकडे आला. "ताई, तीस हजारांत कॅमेरा कोणता घेऊ?" मोबाइलमध्ये त्याने तीन मॉडेलांची तुलना काढून ठेवली होती. मेगापिक्सेल किती, सेकंदाला फ्रेम किती, स्क्रीन वळते की नाही. लेन्सच्या रकान्यात मात्र तिन्ही ठिकाणी एकच शब्द होता : 'किट'. मी इतिहासाची विद्यार्थिनी, कॅमेऱ्याची जाणकार नव्हे. तरीही त्या रकान्यापाशी मी थांबले, कारण आमच्या अहेरी परिसरातील माणसे छायाचित्रांत कशी दिसली, याचे बरेचसे उत्तर लेन्सच्या निवडीत आहे. त्याला जे सांगितले ते येथे क्रमाने मांडते. धागा मोठा आहे.

२/
सुरुवात घरापासून. आमच्या आजीचे एकच छायाचित्र आहे. आलापल्लीजवळच्या गावात बदली होऊन आलेल्या एका शिक्षकांनी ते काढले होते. जेमतेम ६ सेंटिमीटरचा चौकोनी, कृष्णधवल कागद. त्यात अंगण आहे, बाज आहे, कुडाची भिंत आहे, मागे सागाचे झाड आहे. मधोमध आजी उभी आहे आणि तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा आहे. संगणकावर मोठा करून पाहिला, तर डोळ्यांच्या जागी दोन करडे ठिपके उरतात. आजी हसत होती की संकोचली होती, हे आता कोणालाही सांगता येत नाही.

३/
शिक्षकांचा यात दोष नव्हता. त्यांच्याकडे अग्फा क्लिक-३ होता. बडोद्यात तयार होणारा हा साधा कॅमेरा एका पिढीसाठी घरातला पहिला कॅमेरा ठरला. १२० क्रमांकाच्या एका रोलवर १२ चौकोनी छायाचित्रे निघत. त्याच्या लेन्सचे नाभीय अंतर सुमारे ७० मिलिमीटर होते आणि फोकस कायमचा बांधलेला. साधारण ३ मीटरच्या आत आले की चित्र धूसर होई. ३ मीटरवरून माणसाचा चेहरा त्या फिल्मवर जेमतेम ५ मिलिमीटर उमटतो. म्हणजे तांदळाचा दाणाच. आजी किती जवळून दिसणार हे शिक्षक आमच्या अंगणात येण्यापूर्वीच ठरले होते.

४/
या धाग्याचा मुद्दा एवढाच आहे. बॉडी चित्राची नोंद करते, तर छायाचित्रकाराने कुठे उभे राहायचे हे लेन्स ठरवते. आणि कोण कोणापासून किती अंतरावर उभा राहिला, हा आमच्यासारख्या प्रदेशात नेहमीच इतिहासाचा प्रश्न राहिला आहे. आता जरा मागे, मुंबईला जाऊ.

५/
१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सदस्यांत डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे भाऊ दाजी लाड यांचे बंधू. हौशी छायाचित्रकारांच्या पहिल्या पिढीत मराठी माणूस होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण त्या काळची हौस आजच्यासारखी खांद्यावर टाकून नेता येत नव्हती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने जाहीर केलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच छायाचित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी धुवायचे असे. आपल्याकडच्या उन्हात तर ती काही मिनिटांची सवलतही आखडत जाई. अंधारखोली छायाचित्रकाराबरोबर प्रवास करी.

६/
लेन्सची निवड तेव्हाही होती. व्यक्तिचित्रांसाठी १८४० च्या सुमाराची पेट्झव्हालची लेन्स. ती त्या काळाच्या मानाने भरपूर प्रकाश आत घेई, पण फक्त मधला भाग रेखीव आणि कडा विरघळलेल्या. निसर्गदृश्यांसाठी साध्या, मंद लेन्स. त्यांना प्रकाश कमी मिळे, म्हणून काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. परिणामी चेहरा हवा असेल तर माणसाला बसवावे लागे आणि माणूस त्याच्या परिसरासह हवा असेल तर त्याला पुतळ्यासारखे स्थिर उभे करावे लागे. जुन्या छायाचित्रांतली माणसे ताठ आणि गंभीर दिसतात, त्यात स्वभावापेक्षा या प्रतीक्षेचा वाटा मोठा आहे.

७/
आणखी एक गोष्ट. कोलोडियनला मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश कळे. हिरवा फार थोडा, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे आकाश पांढरेफटक, जंगल काळेकुट्ट आणि सावळी त्वचा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गडद उमटे. हिरवा सागवान आणि तांबूस-सावळी माणसे हेच ज्या प्रदेशाचे रंग, त्या प्रदेशाला पाहण्यास हे रसायन मुळातच अपुरे होते. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. तोवर 'काळे जंगल, काळी माणसे' ही प्रतिमा पक्की होऊन बसली होती.

८/
याच काळात मुंबईचे विल्यम जॉन्सन यांनी शहरात दिसणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसांची छायाचित्रे वेगळी घेतलेली आणि त्यांच्यामागे वेगळ्या ठिकाणची दृश्ये जोडलेली. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची. आज आपण मोबाइलमध्ये पार्श्वभूमी बदलतो, तेव्हा कोणी फसत नाही. त्या खंडांना मात्र माहितीचे साधन म्हणून मान होता.

९/
पुढची पायरी मोजमापाची. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' आठ खंडांत प्रसिद्ध झाला. १८६९ मध्ये इंग्लंडात जॉन लॅम्प्री यांनी रेशमी धाग्यांची दोन-दोन इंचांची जाळी सुचवली. तिच्यापुढे माणसाला उघडे उभे करायचे आणि छायाचित्रावरून त्याच्या शरीराची मापे घ्यायची. अशा कामासाठी लेन्स आणि माणूस यांच्यातले अंतर प्रत्येक वेळी सारखेच ठेवावे लागे. जवळ जाण्याला येथे जागाच नव्हती, कारण जवळ गेले की माप चुके.

१०/
आता आमच्याकडे येऊ. अहेरी ही चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी होती आणि चांदा मध्य प्रांतात होता. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. गोंड समाजाचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो चुकवता येत नाही. त्यात नृत्याच्या वेशातील मारिया गोंडांचे छायाचित्र आहे, धान्य दळणाऱ्या स्त्रियांचे आहे, बाजारातील बांबूच्या गाड्यांचे आहे. त्या चित्रांखाली जमात लिहिलेली आहे, काम लिहिलेले आहे. दळणाऱ्या बाईचे नाव नाही. ग्रंथालयात ते पान उघडले की मला प्रत्येक वेळी आजीचा तो चौकोनी कागद आठवतो. तेथे चेहरा आहे पण नाव नाही. येथे नाव आहे पण चेहरा नाही.

११/
दरम्यान कॅमेरा लहान होत होता. १८८८ मध्ये कोडॅकने १०० चित्रांचा रोल भरलेली पेटी विकायला काढली आणि रसायनांचे काम कारखान्याकडे गेले. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका आला. ३५ मिलिमीटरची फिल्म, एका रोलवर ३६ चित्रे आणि ५० मिलिमीटरची छोटी लेन्स. तिवई सुटली. छायाचित्रकार चालू लागला, खाली बसू लागला, घरात शिरू लागला. ५० मिलिमीटर हे माप तेव्हापासून 'नॉर्मल' म्हणून रूढ झाले. या लेन्सने माणूस मोठा दिसावा अशी इच्छा असेल, तर स्वतः उठून त्याच्याजवळ जावे लागते.

१२/
प्राणहिता ओलांडली की आजचा तेलंगणातील कुमरम भीम आसिफाबाद जिल्हा लागतो. १९४० मध्ये कोमरम भीम यांच्या उठावानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यास सांगितले. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मारलवाई या गावी राहिले. पाहुणे म्हणून एक-दोन दिवस नव्हे, तर गावातलेच होऊन. त्यांनी टिपलेली हजारो छायाचित्रे आज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांत सण आहेत, शेती आहे, रिकाम्या दुपारी आहेत. परदेशी माणसाची नजर त्यांतही आहेच. पण कॅमेऱ्याकडे पाहून न दचकणारी माणसेही आहेत आणि ती सहजता मुक्कामातून आलेली आहे. पती-पत्नीच्या समाध्या मारलवाईतच आहेत आणि लोक त्यांच्या स्मरणाचा दिवस पाळतात.

१३/
जवळ जाणे पुरेसे असते का? भामरागडच्या पूर्वेला अबुझमाड आणि त्यापलीकडे नारायणपूरजवळ गढबेंगाल. स्वीडनचे चित्रपटकार आर्ने सुक्सदॉर्फ यांनी तेथे मुरिया मुलगा चेंदरू याला घेऊन चित्रपट केला. १९५७ चा, रंगीत, रुंद पडद्याचा, पंडित रविशंकर यांच्या संगीताचा. वाघाच्या बछड्याबरोबर खेळणारा चेंदरू युरोपात घराघरांत पोहोचला. तो स्वीडनलाही जाऊन आला. मग गावी परतला आणि २०१३ मध्ये गरिबीतच वारला. उत्तम लेन्स, उत्तम प्रकाश, पुरेशी जवळीक, सारे होते. त्याच्या प्रतिमेने जगात जे कमावले, त्यातले त्याच्या वाट्याला फारसे आले नाही. म्हणून अंतराच्या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे : चित्र काढल्यावर ते कोणाकडे जाते?

१४/
भाऊ येथे मध्येच म्हणाला, "पण ताई, मला वाघाचे फोटो काढायचे आहेत. मोठी झूम घेऊ ना?" रास्त प्रश्न. दूर पाहणाऱ्या टेलिफोटो लेन्सा १८९१ पासून आहेत. तरी वाघाचे रात्रीचे उत्तम चित्र आधी मिळवले ते वेगळ्या युक्तीने. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तारेला लागला की झगमगाट होई आणि वाघ स्वतःचेच चित्र काढी. १९२५ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात ती चित्रे झळकली. आज वनविभाग झाडांना बांधतो ते कॅमेरा ट्रॅप त्याच कल्पनेचे वंशज. वाघाची वाट कोणती आणि तो तिने कधी जातो, हे चॅम्पियन यांना ठाऊक होते. महाग लेन्स ते ज्ञान देत नाही.

१५/
जवळचे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. कथापटासाठी पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि कोंब फुटून वेल होईपर्यंत थोडे थोडे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' पाहून छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी भांडवल दिले आणि पुढे 'राजा हरिश्चंद्र' झाला. पहिल्या चित्रपटामागे उभी असलेली ही चाचणी घरातल्या कुंडीपुढे झाली. हौशी माणसाने हे विसरू नये.

१६/
स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेरे आयात निर्बंधांमुळे दुर्मीळ झाले. जे मिळे त्यात सोव्हिएत झेनिट होता. जड, कणखर, शटरचा आवाज दार आपटल्यासारखा. पण त्यावर येणारी हेलिओस ५८ मिलिमीटर एफ २ लेन्स मूळच्या जर्मन बियोतारच्या रचनेवर बेतलेली होती. ती एम-४२ नावाच्या आट्यांवर फिरवून बसवायची. गंमत अशी की तीच हेलिओस आज तरुण मुले जुन्या बाजारातून शोधून, एक कडे जोडून, नव्या मिररलेस बॉडीवर लावतात. बॉडी भंगारात गेली, लेन्स अजून कामावर आहे.

१७/
याला तांत्रिक कारण आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. लेन्स आणि फिल्म यांमधले अंतर ४६.५ मिलिमीटर. आरसा काढून टाकल्यावर नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मिलिमीटरपर्यंत उतरले. उरलेल्या जागेत कडे बसते, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. उलटे सहसा जमत नाही. शिवाय कंपनीने माउंट बदलला की जुन्या लेन्सा अडचणीत येतात. कॅननने १९८७ मध्ये तसे केले होते. म्हणून बॉडी निवडताना एकच गोष्ट नीट पाहावी : तिच्या माउंटसाठी स्वस्त, जुन्या, चांगल्या लेन्सा आपल्या आवाक्यात मिळतात का?

१८/
आता अहेरीचा प्रकाश. भर उन्हाचा जुना हिशेब असा : आयएसओ १००, एफ १६, शटर १/१००. उघड्या सावलीत प्रकाश सुमारे १६ पट कमी. पावसाळ्यात आलापल्लीच्या दाट सागवानाखाली तो आणखी आठ पट कमी धरा. किट लेन्स पुढे सरकवली की एफ ५.६ वर येते. नाचणारी पावले स्थिर टिपायला शटर १/४०० हवे, तर आयएसओ जातो ६४०० वर आणि चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. एफ १.८ ची साधी लेन्स नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. तेच चित्र आयएसओ ६४० च्या आसपास मिळते. तीन वर्षे नव्या बॉडीनेही एवढा फरक पडेलच असे नाही.

१९/
आणि अंतर. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात कॅमेरा उभा धरून चेहरा आणि खांदे चौकटीत बसवायचे, तर ३०० मिलिमीटरने सुमारे साडेसात मीटर दूर उभे राहावे लागते. ५० ने सव्वा मीटर. ३५ ने एक मीटरच्या आत, आणि तेथे नाक थोडे मोठे दिसू लागते. म्हणून चेहऱ्यासाठी ५०, घर-अंगण-काम यांसाठी ३५. साडेसात मीटरवरून माणसाला न विचारता टिपता येते. सव्वा मीटरवरून येत नाही. मी हे अहेरीच्या दसऱ्यात शिकले. उसनी झूम लावून मी दुरून चेहरे टिपत होते. एक वयस्क बाई गर्दीतून चालत माझ्यापर्यंत आल्या. "माझा काढलास ना, बाई? मग मला कोण दाखवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी निमूटपणे स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

२०/
लांब लेन्सला माझा विरोध नाही. कोलामार्काच्या रानम्हशीला किंवा प्राणहितेच्या वाळूवरच्या पक्ष्याला सव्वा मीटरवर गाठणे मूर्खपणाचे आहे. त्यांच्यासाठी दूर राहणे हाच आदर. पण ती दुसरी लेन्स असू द्यावी, आणि पहिली हातात मुरल्यावर घ्यावी. भावाला मी दिलेली यादी अशी : दोन पिढ्या जुनी वापरलेली बॉडी, शटर किती वेळा उडाले ते विचारून. एफ १.८ ची एक लेन्स, टॉर्च आरपार मारून, आत बुरशीची जाळी नाही ना हे पाहून. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, कारण आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने काचेला बुरशीचीच भीती. उरलेले पैसे प्रिंटसाठी.

२१/
"प्रिंटसाठी?" तो हसला. मी आजीचा कागद त्याच्या हातात दिला. तो त्याने खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहत राहिला. आजी त्याचीही आजीच. त्याने वापरलेली बॉडी आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेतली. झूम नाही म्हणून पहिला आठवडा कुरकुरला. मग एका संध्याकाळी त्याने मावशीचा फोटो काढला. चुलीजवळ बसलेली, दारातून येणाऱ्या उजेडात. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या मोजता येतात. ती हसते आहे, हे कोणालाही सांगता येते.

२२/
गडचिरोलीला जाऊन त्याने दोन प्रिंट काढून आणले. एक मावशीच्या ट्रंकेत गेला, दुसरा माझ्याकडे आला. मागे त्याने निळ्या पेनाने मावशीचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहिली आहे. १९१६ च्या ग्रंथातील दळणाऱ्या बाईच्या वाट्याला न आलेली ती ओळ. आपल्यापैकी कोणी या दिवाळीत पहिला कॅमेरा घेणार असेल, तर बॉडीची तुलना जरूर करावी, पण लेन्सचा रकाना आधी वाचावा. आणि घरात जुने छायाचित्र असेल, तर ओळखणारे माणूस हयात आहे तोवर त्याच्या मागे नाव लिहून ठेवावे. आपल्या घरी असे एखादे असल्यास खाली अवश्य सांगावे. धागा समाप्त.